तांबड्या वाइनची द्राक्षे : मार्गो आणि मोटेवाडी

तुळजापूर तालुक्यातील एका शिवारफेरीत एका द्राक्ष बागायतदारांनी प्रस्तुत लेखकास विचारले, “ज्या द्राक्षाचा मणी करवंदाएवढा, साल जाड आणि पोटात बिया, त्याला एवढा मान कशासाठी?” प्रश्न रास्त आहे. खाण्याच्या द्राक्षातील दोष तेच वाइनच्या द्राक्षातील गुण होत. मद्यपानाचा पुरस्कार हा या लेखाचा हेतू नाही. परंतु ही लागवड आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊन पोहोचली असल्याने तिच्यामागील शास्त्र व व्यवहार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक असणे इष्ट आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात मोटेवाडी येथे असा मळा आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीचे सेक्की या तीन घराण्यांतील बंधूंनी मिळून ही संस्था २००७ साली उभी केली. म्हणूनच तिचे नाव ‘फ्रातेल्ली’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ बंधू. लागवडीसाठी लाखो रोपे फ्रान्समधून आणण्यात आली. त्यांच्या ‘सेत्ते’ या तांबड्या वाइनमध्ये सांजोवेझे ही इटालियन व काबर्ने सोव्हिन्यॉ ही फ्रेंच जात वापरतात.

काबर्नेचे माहेर म्हणजे फ्रान्समधील बोर्दो हा प्रदेश. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी बाजारभावावरून मळ्यांची प्रतवारी लावली. तांबड्या वाइनच्या यादीत पहिल्या प्रतीत अवघे चार मळे बसले. ‘शातो मार्गो’ हा त्यांतील एक. आपल्या शेतकऱ्यास आश्चर्य वाटेल, पण त्याची जमीन कसदार नाही. ती गोट्यांची व वाळूची, पाण्याचा झटकन निचरा करणारी आहे. वेलीला अन्नपाणी बेताचे मिळते, मुळे खोल जातात आणि वाढ आवरती राहते. तेथे हेक्टरी सुमारे १०,000 वेली, म्हणजे एकरी ४,००० लावतात. एका वेलीपासून जेमतेम अर्धा-पाऊण किलो द्राक्षे घेतात. आपल्याकडे एकरी हजाराच्या आसपास वेली लावून प्रत्येकीकडून दहा किलोंची अपेक्षा धरली जाते. त्यातही मार्गोच्या मुख्य वाइनसाठी एकूण उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्साच निवडतात. उरलेला माल दुसऱ्या नावाने कमी भावात जातो.

मणी लहान का हवा, हे आता सांगितले पाहिजे. तांबड्या वाइनच्या बहुतेक जातींचा रस पांढुरकाच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत व बियांत असतो, म्हणून रस सालीसकट आंबवितात. मणी जितका लहान, तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. थॉम्पसनच्या घडांना मणी फुगविण्यासाठी आपण जिबरेलिक आम्लात बुडवितो; वाइनच्या द्राक्षाला ते करू नये.

खरी अडचण हवामानाची आहे. बोर्दोत हिवाळ्यात वेल झोपते, छाटणी एकदाच होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा थंडावत असताना घड पिकतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळ छाटणी करून आपण तिला शिस्त लावतो आणि घड पिकतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाचा चटका वाढत असताना. साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो, पण साल व बी मात्र पुरती पिकलेली नसते. यास्तव केवळ साखर मोजून तोडणी ठरवू नये. बी चावून पाहावे. ती हिरवी व कडू लागली तर घड थांबवावेत. बी तपकिरी व कुरकुरीत झाली की पहाटेच्या गारव्यात तोडणी करावी.

बालाघाटच्या मुरमाड, निचऱ्याच्या जमिनी या कामी भारी काळ्या रानापेक्षा बऱ्या. पण जमिनीपेक्षा गिऱ्हाइकाचा प्रश्न मोठा आहे. खाण्याचे द्राक्ष भाव पडला तर बेदाण्यासाठी वळविता येते. काबर्नेच्या बियाळ मण्याला वाइनरीखेरीज वाली नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर नाशिककडे लागवड झपाट्याने वाढली. २००८ नंतरच्या मंदीत माल पडून राहिला आणि अनेकांना वेली उपटाव्या लागल्या. मार्गोलाही हे चुकले नाही. १९७० नंतरच्या दशकात बोर्दोचा बाजार कोसळला आणि १९७७ साली मळा विकावा लागला. नव्या मालकांनी प्रथम पैसा घातला तो निचऱ्याच्या चरांवर व नव्या लागवडीवर. पण फळ दिसण्यास वर्षे लागणार हे जाणून पदरमोड करण्याची ऐपत त्यांच्याकडे होती.

तेव्हा ज्यांना ही लागवड करावयाची आहे त्यांना कृषी सहायकांनी प्रथम वाइनरीचा लेखी करार आणावयास सांगावे. करारात जात, खुंट, तोडणीच्या वेळची साखर, भाव, पैसे देण्याची मुदत आणि कराराची वर्षे स्पष्ट असावीत. नंतरच माती व विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासणीस पाठवावेत. पाण्यात क्षार आढळल्यास डॉग्रिजसारख्या खुंटावरील कलमांचा विचार करावा. मात्र हा खुंट वेलीला जोमदार वाढवितो, म्हणून पाणी व नत्र हात राखून द्यावे लागते.