आठ अवस्थांचा पट : काही गैरसमज
एरिक एरिक्सन यांनी सांगितलेल्या मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था आपल्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे बहुधा कोष्टकाच्या रूपाने येतात : एका रकान्यात वय, दुसऱ्यात परस्परविरोधी प्रवृत्तींची जोडी, तिसऱ्यात त्यांतून निपजणारा गुण. कोष्टक पाठ करावयास सोपे असते. परंतु ते वाचून आयुष्य म्हणजे आठ इयत्तांची शाळा आहे आणि प्रत्येक इयत्तेचा निकाल मुदतीत लागलाच पाहिजे, अशी जी समजूत रूढ होऊन बसते, ती एरिक्सन यांच्या विचाराला सर्वस्वी परकी आहे. आणि ज्या आईबापांनी किंवा वृद्धांनी ती मनाला लावून घेतली, त्यांना तिने नाहक दुःख दिले आहे.

मूळ मांडणी निराळी आहे. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथातील तक्त्यात आठ आडव्या आणि आठ उभ्या ओळी मिळून चौसष्ट घरे आहेत. डावीकडे तळाशी अर्भकाचा विश्वास आणि अविश्वास, उजवीकडे शिरोभागी वार्धक्यातील समग्रता आणि वैफल्य, आणि त्यांना सांधणाऱ्या कर्णावर मधल्या सहा अवस्था. बाकीची छप्पन्न घरे कोरी. ही कोरी घरेच, माझ्या मते, तक्त्याचा प्राण होत. गर्भात प्रत्येक अवयवाला आपापल्या जोमाचा काळ असतो, पण सर्वांचा आराखडा मात्र एकच असतो, हे गर्भविज्ञानातील तत्त्व त्यांनी मनाच्या वाढीस लावले. त्यानुसार विश्वासाचा प्रश्न पहिल्या वर्षी ऐरणीवर येतो खरा, परंतु पंचविशीत विवाहाच्या उंबरठ्यावर आणि पन्नाशीत व्यवहारात ठोकर बसल्यावर तो नव्या रूपाने पुन्हा उभा राहतो. आणि तारुण्यात जिचा एवढा गाजावाजा होतो त्या अस्मितेचे बीज, आईने आपल्याला ओळखले आणि आपण आईला ओळखले, या तान्ह्याच्या पहिल्या अनुभवातच असते. १९६८ च्या ‘आयडेंटिटी : यूथ अँड क्रायसिस’ या ग्रंथात त्यांनी अस्मितेचा उभा रकाना स्वतःच भरून दाखविला. तेव्हा ‘पहिल्या वर्षी जे हुकले ते जन्माचे हुकले’ हा फैसला त्यांच्या नावावर खपवणे अन्यायाचे आहे. आरंभीच्या उणिवेचा भार पुढील प्रत्येक अवस्थेवर पडतो, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि पुढील प्रत्येक अवस्था तो भार हलका करण्याची संधी घेऊन येते, हेही त्यांचेच म्हणणे.

दुसरा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. जोडीतील चांगल्या प्रवृत्तीने वाईट प्रवृत्तीला चीत करावे, म्हणजे अवस्था ‘पार पडली’, असे पुष्कळांना वाटते. एरिक्सन यांना हा विपर्यास इतका खटकला की ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’च्या १९६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तळटीप घालून त्यांनी त्याचा समाचार घेतला. त्यांना अभिप्रेत आहे ते प्रमाण, दोहोंतील तोल. ज्याच्या ठिकाणी अविश्वासाचा लवलेशही नाही ते मूल कोणाही अनोळखी इसमाचे बोट धरून चालू लागेल. त्याला धोक्याची चाहूल लागणार नाही. तीच गोष्ट दुसऱ्या अवस्थेतील लज्जेची आणि संशयाची. दोन वर्षांचे मूल आईच्या हातचा घास तोंड फिरवून नाकारते, वाटी स्वतःकडे ओढते, निम्मा वरणभात जमिनीवर सांडतो आणि निम्मा गालाला लागतो, तरी चमचा सोडीत नाही. या क्षणी मुलाची स्वायत्तता आकार घेत असते. चमचा हिसकावून ‘काय हा घाणेरडेपणा!’ असे चारचौघांत म्हटले जाते तेव्हा संशयाचे पारडे जड होते. पण वाटी कोठवर ओढावी याला मर्यादा आहे, ही जाणीवसुद्धा त्या मुलाला हवीच असते, आणि ती वडीलधाऱ्यांनीच द्यावयाची असते.

वयाच्या आकड्यांविषयी फार लिहावयास नको. ते ढोबळ आहेत. अठराव्या वर्षी अस्मितेचा निकाल लागतो असे मानणाऱ्यांनी खुद्द एरिक्सन यांचे चरित्र पाहावे. १९०२ साली फ्रँकफुर्ट येथे जन्म, जन्मदात्या पित्याची ओळख आयुष्यभर अज्ञात, सावत्र वडिलांचे होम्बर्गर हे आडनाव, चित्रकार म्हणून तरुणपणातील भ्रमंती, पंचविशीत व्हिएन्नात लहानशा शाळेतील शिक्षकाची नोकरी आणि अ‍ॅना फ्रॉइड यांच्याजवळ मनोविश्लेषणाचे शिक्षण. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, आणि ‘एरिक्सन’ हे नाव अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारताना १९३९ साली, सदतिसाव्या वर्षी धारण केले.

सातव्या अवस्थेला, म्हणजे मध्यम वयातील संवर्धन आणि साचलेपण यांच्या द्वंद्वाला, सर्वांत जास्त अन्याय सोसावा लागला आहे. कारण संवर्धन म्हणजे संतती असे सरसकट गृहीत धरले जाते, आणि निःसंतान स्त्रीपुरुषांना जणू या अवस्थेचा दरवाजाच बंद ठरतो. शिष्य, संस्था, विद्या, कला, पुढील पिढीसाठी केलेले कोणतेही जतन एरिक्सन त्यात धरतात. मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी १९६२ साली ते अहमदाबादेस आले, आणि तेथे १९१८ च्या गिरणी संपाने त्यांचे मन वेधून घेतले. एका बाजूला गिरणीमालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या कैवारी त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन, आणि मध्ये पस्तीस टक्के वाढीच्या मागणीसाठी उपोषणास बसलेले अठ्ठेचाळीस वर्षांचे गांधीजी. यावर एरिक्सन यांनी १९६९ साली ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात गांधीजींनाच उद्देशून एक पत्र घातले : ज्या पुरुषाने लक्षावधींचे पालकत्व पत्करले त्याने पत्नीशी, पुत्रांशी आणि आश्रमातील मुलांशी प्रसंगी कठोरपणा केला, हे त्यात आदराने पण आडपडदा न ठेवता मांडले आहे. महात्म्याच्या ठायीही तोल डळमळतो, हे इतक्या जवळून दाखविणारे लेखन मला अन्यत्र क्वचितच आढळले.

‘हे तर आपले चार आश्रमच’ असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. साम्य एरिक्सन यांनाही जाणवले होते. परंतु आश्रमव्यवस्था कर्तव्ये नेमून देते, तिची मांडणी मुख्यतः द्विज पुरुषाच्या दृष्टीने झालेली आहे आणि अर्भकाला तिच्यात आश्रम नाही. उलट एरिक्सन यांच्या आठांपैकी चार अवस्था तारुण्यापूर्वीच येतात. तसेच हा सिद्धांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नियमही नव्हे. तो चिकित्सकाच्या निरीक्षणातून उभा राहिला, आणि मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली दाखवून दिल्याप्रमाणे त्यातील वाटचाल बरीचशी पुरुषाची आहे : आधी अस्मिता, मग आत्मीयता, हा क्रम अनेक स्त्रियांच्या आयुष्यात दोन्ही एकत्र विणलेल्या असल्याने लागू पडत नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

वार्धक्याविषयीचा शेवटचा गैरसमज खुद्द एरिक्सन यांच्या घरातूनच दुरुस्त झाला. समग्रता लाभली की प्रश्न मिटले, असे आठवी अवस्था वाचून वाटते. १९९४ साली ते निवर्तल्यावर नव्वदी ओलांडलेल्या त्यांच्या पत्नी जोन यांनी नवव्या अवस्थेची भर घातली. १९९७ साली ती ग्रंथात आली. तीत जोड्या त्याच, पण क्रम उलटा : अविश्वास आधी, विश्वास नंतर, कारण त्या वयात स्वतःच्या पायांवर, डोळ्यांवर, स्मरणावरही भरवसा ठेवणे कठीण होते आणि पहिल्या वर्षाचा प्रश्न पुन्हा दाराशी येतो. याचा दोष त्यांनी केवळ शरीराला दिला नाही. वृद्धांना वस्तीपासून दूर, त्यांच्यासाठी राखलेल्या जागी नेऊन ठेवणाऱ्या समाजाकडे त्यांनी जाब मागितला, आणि प्रत्येक शहरात सर्वांना खुले असे उद्यान असावे व त्याच्या मध्यभागी वृद्धांचे निवासस्थान असावे, अशी सूचना केली.