तीन भाऊ, तीन हत्यारे आणि एक कायदा

चाकण-तळेगाव रस्त्यालगतचे महाळुंगे इंगळे हे खेड तालुक्यातले गाव आता कारखान्यांनी वेढले आहे. अशा गावातल्या एका घराची कल्पना करा. ईदेसाठी तीन भाऊ एकत्र आले आहेत. थोरला कारखान्यात फिटर आहे. अब्बांचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले, आणि त्यांची परवान्याची बारा बोअरची बंदूक अजून कपाटातच आहे. मधला पोलीस शिपाई आहे, आज त्याची साप्ताहिक सुटी आहे. धाकटा फौजेत आहे, महिनाभराच्या रजेवर आला आहे. शिरखुर्मा खाता खाता पुतण्या विचारतो, "चाचा, तुमच्या तिघांपैकी बंदूक घेऊन चाकणच्या बाजारात कोण फिरू शकतो?"

मुलाला वाटते, अब्बू सोडून बाकी दोघे. खरे उत्तर आहे : आज तिघांपैकी कुणीही नाही. असे का, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. कारण या विषयातले अज्ञान थेट तुरुंगात नेते.

सामान्य नागरिक : परवाना म्हणजे मोकळीक नव्हे

आपल्या देशात हत्यारांचा मूळ कायदा १९५९ चा आहे आणि त्याखालची सध्याची नियमावली २०१६ ची आहे. परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, हा त्याचा पाया. खिशात किंवा बॅगेत विसरलेले एक जिवंत काडतूससुद्धा विमानतळावरच्या तपासणीत माणसाला अडचणीत आणते. परवान्यासाठी वय किमान २१ वर्षे लागते. अर्जदाराची पोलीस चौकशी होते आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, असेही कायदा सांगतो. ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते.

अर्ज कुठे करायचा? जिल्ह्यात हे काम जिल्हाधिकाऱ्यांचे, पण जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांचे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झाले आणि चाकणचा हा पट्टा पुणे ग्रामीण पोलिसांकडून त्यात आला. म्हणून महाळुंग्याच्या रहिवाशाला परवान्यासाठी आता आयुक्तालयाकडे जावे लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. परवाना कोणत्या भागापुरता चालेल, हे त्यावरच लिहिलेले असते. तो भाग ओलांडला की तेच कायदेशीर हत्यार बेकायदा ठरू शकते.

हत्यार सोबत नेतानाही नियम आहेत. पिस्तूल खोळीत हवे, बंदूक तिच्यासाठीच्या पिशवीत हवी, ती पूर्ण झाकलेली असावी आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावी. लग्न, जत्रा, मिरवणूक, सभा अशा ठिकाणी हत्यार नेणे आणि झाडणे मना आहे. केल्यास परवाना जातो. आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकाहची वरात असो की निवडणुकीचा जल्लोष, नियम एकच.

आता थोरल्या भावाकडे येऊ. अब्बांचा परवाना अब्बांच्या नावाचा होता. तो त्यांच्याबरोबर संपला. बंदूक मात्र घरात राहिली, म्हणजे ती आता बिनपरवाना आहे. वारसांनी विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक हत्यार विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. नंतर ज्याला ती हवी असेल त्याने इतर वारसांच्या ना-हरकतीसह स्वतःच्या नावाने अर्ज करावा. "अब्बांची आठवण आहे, राहू दे" ही भावना समजण्यासारखी आहे. पण बिनपरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे.

परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हाती, हा नियम मोडल्यावर काय होते ते मुंबईने पाहिले. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा गोळ्या घालून खून झाला. मारणाऱ्याने नंतर स्वतःवरही गोळी झाडली. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, आणि अंगरक्षकालाही अटक झाली. कारखान्यांच्या फाटकावर आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या भावांनी हे ध्यानात ठेवावे. मालकाने मागितले म्हणून आपले हत्यार त्याच्या हाती देता येत नाही.

पोलीस : हत्यार वर्दीचे नव्हे, कामाचे

हत्यार कायद्याच्या कलम ४५ मध्ये सरकारी नोकराला परवान्यातून सूट आहे, पण ती कर्तव्य बजावत असताना. पोलिसाच्या हातातले हत्यार त्याचे नसते, खात्याचे असते. नेमणुकीप्रमाणे ते शस्त्रागारातून नोंद करून मिळते, सोबतची काडतुसे मोजून मिळतात आणि काम संपले की मोजून परत करायची असतात. साध्या शिपायाच्या हाती बहुतेक वेळा लाठीच असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठीच होती. त्यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत पकडला गेला. ओंबळे शहीद झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

सुटीवर असलेल्या मधल्या भावाजवळ म्हणूनच आज हत्यार नाही. स्वतःसाठी हवे असेल तर त्यालाही परवान्याचा अर्ज करावा लागेल.

गोळी झाडण्याचेही बंधन आहे. अटक टाळणाऱ्यावर पोलिसाला आवश्यक तेवढा बळाचा वापर करता येतो. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव अटकेसाठी घेता येत नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकींमध्ये सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यावरून पीयूसीएल या संघटनेने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ सूचना दिल्या. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची आणि संबंधित पोलिसांनी आपली हत्यारे तपासणीसाठी द्यायची, असे त्यात आहे. कुणाच्या घरी असा प्रसंग आला, तर या निकालाचा आधार घेता येतो.

३१ जुलै २०२३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. जयपूर-मुंबई गाडीत बंदोबस्तासाठी दिलेल्या रायफलीतून रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपला वरिष्ठ अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी यांना ठार केल्याचा आरोप आहे. त्याला नोकरीतून काढण्यात आले आणि त्याच्यावर खुनाचा खटला भरला गेला. कामासाठी दिलेली सूट कामाबाहेरच्या गोळीला लागू होत नाही, हेच या खटल्यामागचे तत्त्व आहे.

सैनिक : रजेवर हात रिकामे

आपल्या पट्ट्यात देहूरोडची छावणी आहे, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. फौज आपल्याला नवी नाही. तरीही सैनिकाची रायफल त्याच्या घरी कधी दिसत नाही. ती पलटणीच्या शस्त्रागारात असते. फौजी त्याला 'कोत' म्हणतात. सैनिक वापरतात ती स्वयंचलित हत्यारे आणि ९ मिलिमीटरची पिस्तुले 'प्रतिबंधित' वर्गात मोडतात. नागरिकाने असे हत्यार बिनपरवाना बाळगले, तर सात ते चौदा वर्षे कैद होऊ शकते. सामान्य परवान्यावर बारा बोअरची बंदूक किंवा .३२ चे रिव्हॉल्व्हर यांसारखी हत्यारेच मिळतात.

गावात दंगल झाली म्हणून रजेवरचा सैनिक बंदूक घेऊन उतरू शकत नाही. मुलकी भागात फौज येते ती साधारणपणे दंडाधिकाऱ्यांनी बोलावल्यावर, आणि कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन तिच्यावर असते. अशा कामात सद्भावनेने केलेल्या कृतीसाठी सैनिकावर सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही. हे संरक्षण सामान्य माणसाला नाही. निवृत्तीनंतर अनेक माजी सैनिक स्वतःच्या परवान्यावर बंदूक घेऊन सुरक्षारक्षक होतात. तेव्हा ते शेजाऱ्यासारखेच नागरिक असतात.

स्वसंरक्षण : तिघांनाही सारखे

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये, स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो नागरिक, पोलीस, सैनिक सर्वांना आहे. त्याच्या मर्यादाही सर्वांना सारख्या आहेत. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी स्वसंरक्षण ठरणे अवघड.

खरी काळजी पोरांची

आपल्या घरांना मोठा धोका परवान्याच्या बंदुकीपेक्षा गावठी कट्ट्याचा आणि कोयत्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या उमर्टीसारख्या गावांतून आलेली पिस्तुले पुणे परिसरात पुन्हा पुन्हा पकडली गेली आहेत. मित्राने "दोन दिवस ठेव" म्हणून दिलेला कट्टा माहीत असून घरात ठेवला, तरी ते बाळगणेच होते. हातात पिस्तूल धरून काढलेला फोटो स्टेटसला ठेवला, तर तोच पुरावा होतो. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ नंतर हत्यारांची मिरवणूक करणारे असे फोटो आणि व्हिडिओ चर्चेत आले, गुन्हे दाखल झाले, आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. कोयता, तलवार घेऊन फिरल्यावरही याच कायद्याखाली गुन्हा लागतो. एकदा नाव पोलीस दप्तरी गेले की कारखान्यातली नोकरी, पासपोर्ट, पोलीस भरती, फौजेची भरती, सगळेच अवघड होते.

आपल्याला ही शिस्त नवी वाटू नये. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरावीत, कुणा मुसलमानाला इजा होऊ नये, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे. थट्टेतही भावावर हत्यार रोखू नये, असेही त्यात आहे. झाकून न्यावे, ताब्यात ठेवावे, मिरवू नये, हा २०१६ च्या नियमांचा सारांश त्याहून वेगळा नाही.

म्हणून त्या पुतण्याला सांगावे : बेटा, हत्यार बाळगण्याचा हक्क ताकदीला नाही आणि वर्दीलाही नाही. तुझ्या मधल्या चाचांना तो त्यांच्या कामामुळे मिळतो, धाकट्या चाचांनाही तसाच. अब्बूंना मिळाला तर परवान्यामुळे मिळेल. आणि आज, ईद संपायच्या आत, मोठ्यांनी करायचे काम एकच आहे. दादांची बंदूक कपाटातून काढून, खोळीत घालून, महाळुंग्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती जपून ठेवायची.