ओवी कोणाची?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

पाठ्यपुस्तकातील कोणतीही कविता घ्या, तिच्याजवळ कवीचे नाव छापलेले असते. ओवी छापली की मात्र तेथे 'पारंपरिक' असा एकच शब्द येतो. जणू ती कोणी केलीच नाही. पावसाळ्यात बांधावर गवत उगवावे तशी ती आपोआप उगवली! लोकसाहित्याच्या तासाला आपणही हा शब्द वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परंतु ज्यांच्या घरात एके काळी जाते फिरत होते त्यांना विचारले, तर ओवी करणारी माणसे होती हे लगेच कळते. ती माणसे समोरासमोर बसून, एकमेकींचे ऐकून, सगळ्यांची मिळून एक गोष्ट चालवीत होती. ती कशी चालवीत आणि त्यातून त्यांना काय साधत असे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडा इतिहास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्या उमरगा तालुक्याची हद्द ओलांडून कर्नाटकात शिरले की ते फार दूर नाही. ओवीची इतकी जुनी साक्ष आपल्या शेजारच्याच गावी मिळते, ही गोष्ट धाराशिवकरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्ञानेश्वरांनी ग्रंथासाठी वापरलेली ओवी आणि बायकांच्या गळ्यातील ओवी यांचे नाते विद्वान मंडळी सांगतील. माझा तो अधिकार नाही.

आता जात्याकडे येऊ. आपल्याकडचे दळण बहुधा ज्वारीचे. माणसांनी भरलेल्या घराचे दळण एकटीला ओढत नाही, म्हणून दोघी समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मूठमूठ घास घालायचा, दोघींनी ओढायचे, आणि हे सारे कोंबडा आरवण्याच्या वेळी, घरातील पुरुषमंडळी झोपेत असताना. एकीने ओवी लावली की दुसरी तिच्या सुरात सूर मिसळी, नाही तर ती ओवी पुरी होताच त्यावर आपली ओवी लावी. चालीला बायका 'गळा' म्हणतात. ओवीच्या पहिल्या चरणात पुष्कळदा ठरलेले शब्द असतात: मैत्रिणीला हाक, गावाचे नाव, देवाचे नाव. ते म्हणत असताना जात्याचा फेरा होतो आणि तेवढ्या अवधीत दुसरा चरण सुचतो. काही जागा तर मोकळ्याच ठेवलेल्या असतात. तेथे जिने तिने आपल्या भावाचे, लेकाचे नाव घालावे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून तेथे 'चुडा' किंवा 'हौशा' येतो. गवंड्याच्या हाताशी विटा असल्या की भिंत जशी भराभर चढते, तशी या तयार शब्दांवर ओवी चढत जाते. अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बाईला ओवीमागून ओवी कशी सुचते, याचे कोडे येथे बरेचसे सुटते.

पण गोष्ट कोणाची सांगायची? येथे खरी गंमत आहे. पात्रे नवी निर्माण करायची नाहीत. सर्वांना ठाऊक असलेलीच घ्यायची. विठ्ठल, रुक्मिणी, जनी, राम, सीता, तुळजापूरची अंबाबाई. आता पंढरपूरचेच पाहा. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली, तिला शोधीत देव आले, आणि आजही दोघांची मंदिरे वेगवेगळी आहेत, एवढे सर्वांना माहीत असते. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावावरील अभंगांत देव तिला दळू-कांडू लागतो. तिचे जाते म्हणून पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही एक जाते दाखवितात. पण देव रात्री जनीकडे दळायला गेला, तेव्हा घरी रुक्मिणीला काय वाटले असेल? हा प्रश्न पडला तो दळणाऱ्या बायकांना. मग ओव्यांतून रुक्मिणी देवाला जाब विचारू लागते. ताट वाढून ठेवले होते, इतका उशीर कुठे झाला? अंगावर शेल्याऐवजी जनीची वाकळ कशी? एकीने रुक्मिणीचा संशय मांडला की दुसरीने देवाचे उत्तर द्यावे, तिसरीने जनीची बाजू घ्यावी. देवाच्या घरात सासर-माहेर, रुसवाफुगवा, उष्टे-खरकटे सारे येते. कोणालाही त्यात देवाचा अपमान वाटत नाही.

मी एकदा आजीला विचारले, "हे सगळं तुम्ही मनानंच रचत होता ना?" ती म्हणाली, "मनानं न्हाई तर काय पोथीनं? रुक्मिणी बी बाईमाणूसच हाय की." या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या भाषेत 'मानणे' हा शब्द आहे. देव मानतात तसाच भाऊही मानतात. मानलेला भाऊ रक्ताचा नसतो हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी राखीपौर्णिमेला तो येतो, बोळवण करतो, प्रसंगी भांडायलाही उभा राहतो. त्याला खोटा भाऊ कोणी म्हणत नाही. ओवीत विठ्ठल बाप होतो, पंढरी माहेर होते, तेही असेच मानून. लहान मुलींच्या भातुकलीत पानाची पोळी होते, तेव्हा ती पान आहे हे विसरलेले नसते. पण पोळी मानल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. जात्यावरच्या बायकांचा खेळ याच जातीचा होता. फरक एवढाच, की भातुकली मोडली तर मुली नवी मांडतात, आणि या बायकांना संसार मोडून नवा मांडण्याची सोय नव्हती.

या खेळाला नियम मात्र कडक होते. सीता वनात गेलीच नाही, अशी ओवी कोणी लावू शकत नाही; लावलीच तर दुसरी ती उचलणार नाही आणि जी ओवी कोणी उचलीत नाही ती तेथेच विरते. घडायचे ते घडणारच. परंतु ते का घडले आणि घडताना कोण जवळ होते, हे सांगायला मोकळीक आहे. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात लोकापवादामुळे राम सीतेचा त्याग करतो. बायकांच्या रामायणात लोक बाजूला राहतात आणि सासू पुढे येते. कैकेयी सीतेला म्हणते, रावण कसा होता ते काढून दाखव. सीतेने त्याचा केवळ अंगठा पाहिलेला असतो, ती तेवढाच काढते. उरलेला रावण कैकेयी स्वतः पुरा करते आणि रामाला दाखविते. सासुरवास भोगलेल्या बाईलाच ही युक्ती सुचावी! पुढे वनात सीतेला धीर द्यायला कोण येते, तर बोरी आणि बाभळी. ऋषींच्या आश्रमातील रम्य वृक्ष नव्हेत, आपल्या माळावरची काटेरी झाडे तिच्या शेजारणी होतात. मराठवाड्याचे कवी-अभ्यासक ना. गो. नांदापूरकर यांनी आपल्या भागातील अशा ओव्या कष्टाने गोळा केल्या. 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' हे त्यांच्या संग्रहाचे नावच पुरेसे बोलके आहे. आपण रामकथा शिकतो तेव्हा वाल्मीकी, एकनाथ, मोरोपंत ही नावे येतात. त्यांच्या रांगेत या बायकांना कोणी बसवीत नाही, याचा मला राग येतो.

आता या खेळात काय साधत असे ते सांगते. आमच्या घरात आजी आणि तिची थोरली जाऊ यांचा वाटणीवरून अबोला होता. चूल वेगळी झाली, विहिरीवर जायच्या वेळाही वेगळ्या झाल्या. पण जाते एकच होते आणि ते एकटीला ओढत नव्हते. त्यामुळे पहाटे दोघींना समोरासमोर बसावेच लागे. एक शब्दही बोलायच्या नाहीत, पण ओव्या म्हणायच्या. आजी रुक्मिणीची बाजू घ्यायची: माझ्या हक्काचे दुसरीकडे जात आहे. थोरली जनीची: मला कोण आहे, मी कुणाच्या दारात जाऊ? ती लवकर विधवा झाली होती. आजी सांगते, की थोरलीच्या घरात खायला दाणा नसे हे तिला कोणी सांगितले नाही, ते जनीच्या ओव्यांतूनच कळले. आणि मग दळण झाल्यावर पिठाचा एक वाटा सुपात तसाच ठेवून ती उठू लागली. थोरली तो न बोलता उचली. आमच्या घरातील वाटणीचा तंटा पंचांनी मिटविला असे पुरुष सांगतात. पंच बसण्याच्या आधी वर्षभर तो जात्यावर मिटत आला होता, हे आजीचे म्हणणे मला अधिक खरे वाटते.

अशा प्रकारे दुसऱ्याच्या पात्रांत मिळून रमणे ही केवळ आपलीच चाल आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळप्रवासाची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या चाहत्यांनी १९६७ मध्येच 'स्पॉकनेलिया' नावाचा चक्रमुद्रित अंक काढला आणि पुढे अशा अंकांतून ते त्या पात्रांच्या स्वतः रचलेल्या गोष्टी एकमेकांना वाचायला देऊ लागले. लिहिणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. आज आपल्यापैकीही काही जण चित्रपटातील वा मालिकेतील पात्रे घेऊन मोबाईलवर पुढची गोष्ट मिळून लिहितात: एकाने एक प्रसंग टाकायचा, दुसऱ्याने तो पुढे न्यायचा. प्राध्यापकांना हे रिकामपणाचे उद्योग वाटतात. पण त्यांचे नियम पाहा: पात्र सर्वांच्या ओळखीचे हवे, मूळ घटना मोडायची नाही, मधल्या फटी भरायच्या, आणि इतरांनी उचलले तेच टिकायचे. आजीला मी हे समजावून सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग हात कशाला लावत्यात ती?" म्हणजे, काम कोणते चालू असते? ओवीमागे पिठाचे ओझे होते. नुसत्या खेळासाठी खेळ ही चैन तिच्या पिढीला ठाऊक नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि अनेक घरांतून जुने देव गेले. पण जाते राहिले, गळा राहिला. मोकळ्या जागांत नवी नावे आली. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमधील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांत भीमराव आणि रमाबाई ही घरची माणसे आहेत. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्या स्त्रियांनी आपला मानायचा माणूस स्वतः निवडला आणि त्याला ओवीत बसविले. ओवी जुनाट आहे असे म्हणणाऱ्यांनी या ओव्या अवश्य ऐकाव्यात.

ऐकाव्यात असे म्हणता येते, कारण त्या ध्वनिमुद्रित आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यातील अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या प्रसिद्ध करीत आहे. साने गुरुजींनीही 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचा मोठा साठा केला होता. परंतु या नव्या संग्रहाचा विशेष असा, की ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. काहींचा यावर आक्षेप असू शकतो. तीच ओवी दहा गावांत सापडते, मग एकीचेच नाव का? माझ्या मते नाव हवेच. ती ओवी तिने एकटीने केली असा त्याचा अर्थ होत नाही. तिच्यापर्यंत आलेली ओवी तिने अशी वळविली, एवढाच होतो.

गिरणी आली आणि हे सारे थांबले. त्याबद्दल हळहळण्याआधी दळणाऱ्या बाईचे मत घ्यावे. आमच्या गावात पिठाची गिरणी सुरू झाली त्या दिवशी आजीने तिच्यापुढे नारळ फोडला होता. तिच्या तळहातावरचे घट्टे अजून गेलेले नाहीत. मात्र तीच सांगते, की गिरणीनंतर तिच्यात आणि थोरलीत बोलण्यासारखे काही उरले नाही. भांडण नव्हते, पण समोरासमोर बसायला निमित्तच राहिले नाही. थोरली आता हयात नाही.

जाते आता लग्नाच्या हळदीपुरते बाहेर निघते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत असेच एक जाते धुऊन, कुंकू लावून मांडले होते. डीजेवाल्याची जोडणी होईपर्यंत दोन म्हाताऱ्या खुंट्याला हात लावून बसल्या. एकीने रुक्मिणीचे नाव घेताच दुसरीने जनीचे घेतले, आणि नऊ ओव्या झाल्या. त्या मी वहीत उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीखाली नाव घालायचे म्हणून दोघींना विचारत गेले. आठांखाली नावे पडली. नववी माझी, असे दोघीही म्हणतात. आणि मांडवात पाहुणी आलेली तुळजापूरकडची एक बाई म्हणाली, की ही तर माझ्या आईची.