‘फिलिपिनो’ : एका नांवाची जगयात्रा

मुलाचें बारसें करतांना त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. राष्ट्रांच्या बाबतींतहि पुष्कळदां असेंच घडतें. पॅसिफिक महासागराच्या पश्चिम कडेला सात हजारांहून अधिक बेटांचा जो समूह पसरला आहे, त्याचें बारसें तर हीं बेटें कधींच न पाहिलेल्या एका राजपुत्राच्या नांवानें झालें.

१५२१ सालीं स्पेनच्या चाकरींतील मॅगेलन तेथें पोंचला, तेव्हां त्यानें या बेटांस सेंट लाझारस या ख्रिस्ती संताचें नांव दिलें. तें टिकलें नाहीं. पुढें १५४३ सालीं व्हिल्यालोबोस या स्पॅनिश सरदारानें लेते व सामार या बाजूच्या बेटांस युवराज फेलिपे याच्या सन्मानार्थ ‘फिलिपिनास’ म्हटलें, आणि तेंच नांव कालांतरानें सर्व द्वीपसमूहास लागलें. युवराज त्या वेळीं पंधरा-सोळा वर्षांचा होता. हाच पुढें दुसरा फिलिप या नांवानें स्पेनचा राजा झाला.

‘फिलिप’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘अश्वप्रिय’ असा आहे. ग्रीकांचें एक अक्षर रोमन लोकांनीं ‘पी’ आणि ‘एच’ या दोन अक्षरांनीं लिहिलें, आणि येथेंच युरोपीय भाषांच्या वाटा फुटल्या. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांनीं उच्चाराप्रमाणें साधें ‘एफ’ घेतलें. इटालियननेंहि ‘एफ’ घेतलें, पण मूळचा जोड-‘प’ सोडला नाहीं; म्हणून तेथें ‘फिलिप्पिनो’ होतें. फ्रेंचांनीं ‘पी-एच’ जपलें व देशवासीयास ‘फिलिपँ’ म्हटलें. जर्मनांत देशाचें नांव ‘पी-एच’ने लिहितात, माणसास मात्र ‘फिलिपिनर’ आणि ‘फिलिपिनो’ असे दोन्ही शब्द चालतात. पोलिश मनुष्य ‘फिलिपिन्चिक’ म्हणतो. आपण जसें ‘नागपूरकर’ म्हणतों, तशी प्रत्येक भाषेनें आपली शेपटी त्या नांवास जोडली आहे. इंग्रजीची तऱ्हा सर्वांत चमत्कारिक. देश ‘पी-एच’ने, लोक ‘एफ’ने! याचें कारण, देशाचें नांव जुन्या लॅटिन वळणानें लिहिलें जातें, तर लोकांचें नांव स्पॅनिशमधून जसेंच्या तसें उचललें आहे. मराठी लिहिणाऱ्यास हा घोटाळा जाणवतच नाहीं. त्याचा एकच ‘फ’ दोन्हीकडे पुरतो.

परंतु स्पेलिंगापेक्षां महत्त्वाचा प्रश्न असा, कीं ‘फिलिपिनो’ म्हणजे कोण? स्पॅनिश अमदानींत त्या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश मनुष्यास हा शब्द लावीत. मूळ रहिवाशांना स्पॅनिश लोक ‘इंदियो’ म्हणत. कोलंबसानें अमेरिकेलाच हिंदुस्थान समजून तेथील लोकांस जें नांव दिलें, तेंच येथेंहि आणलें गेलें. आपल्या सिंधु नदीच्या नांवाला असा विपरीत प्रवास घडला! कालांतरानें त्या शब्दांत तुच्छता भरली. ज्यांची भूमि, त्यांनाच तिचें नांव लावण्याचा अधिकार नव्हता.

हा अधिकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सुशिक्षित तरुणांनीं घेतला. १८७९ सालीं होसे रिझाल यानें अठराव्या वर्षीं ‘फिलिपिनो’ तरुणांस उद्देशून स्पॅनिशमध्यें कविता लिहिली, ती आपल्या देशबांधवांना डोळ्यांपुढें ठेवून. १८८९ सालीं पॅरिसमध्यें त्यानें व त्याच्या मित्रांनीं आपल्या मंडळास ‘शूर इंदियो’ असें नांव घेऊन त्या हिणवणीलाच भूषण बनविलें. ३० डिसेंबर १८९६ रोजीं स्पॅनिश सरकारनें रिझालला मनिला येथें गोळ्या घालून ठार केलें. पण १२ जून १८९८ रोजीं जेव्हां स्वातंत्र्याची घोषणा झाली, तेव्हां ‘फिलिपिनो’ हें एका राष्ट्राचें नांव झालें होतें.

भाषेचें नांव याहून उशिरा ठरलें. १९३७ सालीं मनिलाच्या परिसरांतील तागालोग भाषेस राष्ट्रभाषेचा पाया मानण्यांत आलें. १९५९ सालीं तिला ‘पिलिपिनो’ म्हणूं लागले. कारण तागालोगच्या तत्कालीन वर्णमालेंत ‘फ’ नव्हताच. १९८७ च्या राज्यघटनेनें मात्र ‘फिलिपिनो’ असें नांव दिलें, आणि नव्या वर्णमालेंत ‘एफ’ला जागा मिळाली; कारण देशांतील इतर कांहीं भाषांत तो ध्वनि आहे. तथापि देशाला लोक आपल्या भाषेंत अजूनहि ‘पिलिपिनास’च म्हणतात.

परक्या राजाचें हें नांव टाकून ‘महार्लिका’ हें नांव घ्यावें, अशी सूचना १९७८ सालीं व पुन्हां २०१९ सालीं पुढें आली. हा तागालोग शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’ यापासून आला असें मानतात. पूर्वीं तो तेथील एका स्वतंत्र योद्धावर्गास लावीत. पण नांव बदललें नाहीं. त्यांत नवल नाहीं. फेलिपे राजाचें स्मरण करून हें नांव उच्चारणारा आज तेथें विरळाच. ज्यांना तें नाकारलें होतें, त्यांनींच तें मिळविलें. आणि मिळविलेलें नांव ठेवलेल्या नांवापेक्षां अधिक आपलें असतें.