बुचाचे झाड आणि बाटलीचे बूच

गेल्या वैशाखात एका सभेच्या निमित्ताने आम्ही भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक येथे गेलो होतो. सभेला अवकाश होता, म्हणून मंडळी एका जुन्या बुचाच्या झाडाखाली बसली. तेथे कारखान्यात जाणाऱ्या एका तरुणाने खोकत खोकत विचारले, “अण्णा, आमच्या खात्यात बुचाच्या शीटचे गॅस्केट कापतात. ते बूच ह्याच झाडाचं का?” प्रश्न साधा होता; पण आम्हाला उत्तर येईना. घरी येऊन पुस्तके चाळली. जे हाती लागले ते श्रोत्यांपुढे ठेवतो.

आपले बूच, म्हणजे आकाशनिंब किंवा गगनजाई, हे मूळचे ब्रह्मदेशाकडचे. त्याच्या लांब नळीच्या फुलांची वेणी मुली दोऱ्यावाचून गुंफतात. त्याची भेगाळ साल हलक्या प्रतीचे बूच म्हणून वापरीत. त्यावरूनच हे नाव पडले.

खरे बूच मात्र ओक जातीच्या एका झाडाची साल होय. जगातले सुमारे निम्मे बूच एकटा पोर्तुगाल देश पिकवतो. १६६५ साली रॉबर्ट हूकने आपल्या ग्रंथात बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकातून कसा दिसतो ते सांगितले. मधाच्या पोळ्यासारखे ते कप्पे पाहून त्याने त्यांना ‘सेल’ म्हटले. ह्या बंद कप्प्यांत हवा कोंडलेली असते. म्हणून बूच तरंगते, दाबले तर दबते, सोडले की फुगते, पाणी झिरपू देत नाही आणि उष्णता अडवते. बाटलीचे तोंड, इंजिनाचे गॅस्केट, शीतगृहाची भिंत, बॅडमिंटनचे फूल, क्रिकेटच्या चेंडूचा गाभा, सगळीकडे तेच कामी येते.

पोर्तुगालात १७८३ साली लावलेले असे एक झाड आहे. पाखरांच्या किलबिलाटावरून त्याला ‘शीळ घालणारे झाड’ म्हणतात. १८२० पासून वीसहून अधिक वेळा त्याची साल काढली. १९९१ साली एका खेपेला १२०० किलो साल निघाली. तीत लाखावर बाटल्यांची बुचे झाली. तरी झाड उभेच आहे! कारण साल दर ९ वर्षांनी काढतात, आणि कुऱ्हाड चालवणारा कसबी गडी आतल्या जिवंत सालीला धक्का लागू देत नाही. ती दुखावली की तेथे पुन्हा बूच धरत नाही. ह्या कसबामुळेच तेथील शेतमजुरांत त्याची मजुरी वरची असते.

झाडाची ही काळजी, माणसाची काय? बुरशी धरलेल्या बुचाच्या धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना विकार जडतो. वैद्यकात त्याला ‘सुबेरोसिस’ असे नाव आहे. वरव्याच्या त्या तरुणाचा खोकला त्याचाच, असे आम्ही म्हणत नाही. ते डॉक्टरांनी सांगावे. पण धूळ ओढून नेणारा पंखा आणि वर्षाला छातीची तपासणी, ह्या दोन मागण्या आम्ही वहीत टिपल्या आहेत. झाडाची आतली साल जपली म्हणून दोनशे वर्षे पीक मिळाले. कारखान्यालाही हाच हिशेब लागू आहे.