लोकप्रियतेचा संयम

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने म्हैसूर राज्य, मुंबई व हैदराबाद राज्यांतील कन्नड जिल्हे, दक्षिण कन्नड आणि कोडगू एका राज्यात आले. कायद्याने सीमा आखल्या. परंतु बीदरचा शेतकरी आणि म्हैसूरचा कारकून एकाच घरचे आहेत, ही भावना कायद्याने निर्माण होणारी नव्हती. ती ज्यांनी रुजवली, त्यांत साहित्यिकांच्या बरोबरीने एका नटाचे नाव घ्यावे लागते : डॉ. राजकुमार.

मुत्तुराज हे त्यांचे मूळ नाव. शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांतच थांबले. पुढची शाळा म्हणजे गुब्बी वीरण्णा यांची नाटक कंपनी. शुद्ध, स्वच्छ शब्दोच्चार त्यांनी रंगभूमीवरच कमावला. १९५४च्या ‘बेडर कण्णप्पा’पासून पुढे दोनशेहून अधिक चित्रपटांत ते दिसले.

माझ्या पिढीला इतिहासाची गोडी पाठ्यपुस्तकाआधी त्यांनी लावली. पुलकेशी, कृष्णदेवराय, मयूर हे आमच्यासाठी राजकुमार यांच्याच चेहऱ्याचे होते. पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ताळगुंदचा शिलालेख अभ्यासला, तेव्हा कळले की, त्यातील मयूरशर्मा हा कांचीला विद्येसाठी गेलेला आणि अपमानानंतर शस्त्र उचललेला ब्राह्मण आहे. १९७५च्या चित्रपटाने मात्र त्याला राजपुत्र केले होते. तरीही तो शिलालेख शोधण्याची ओढ त्या चित्रपटानेच लावली होती, हे नाकारता येत नाही. १९७४च्या ‘भक्त कुंभार’मध्ये ते गोरा कुंभार झाले. बेळगावचा वाद धुमसत असण्याच्या त्या काळात महाराष्ट्राचा संत कन्नड मुलांना आपलाच वाटला.

१९७२चा ‘बंगारद मनुष्य’ ही त्यांची सर्वांत खोल छाप. विधवा बहिणीचा संसार सावरण्यासाठी गावात राहणारा आणि पडीक जमीन पिकती करणारा राजीव त्यांनी साकारला. पुढे प्रशासनात असताना, कोरडवाहू गावांतील बैठकांत प्रौढ शेतकरी या राजीवचा दाखला एखाद्या परिचिताचा द्यावा तसा देत. शासनाच्या कोणत्याही प्रचारपटाला ती विश्वासार्हता कधी लाभली नाही.

त्यांची खरी कसोटी पडद्याबाहेर होती. शाळांत कन्नडला प्रथम भाषेचे स्थान मिळावे, यासाठी १९८२मध्ये झालेल्या गोकाक आंदोलनाला त्यांच्या सहभागाने प्रचंड बळ मिळाले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मनात त्या मागणीने धास्ती निर्माण झाली, हेही नोंदवले पाहिजे. शेजारच्या तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन १९७७पासून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले होते. जानेवारी १९८३मध्ये एन. टी. रामाराव आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात कर्नाटकातही सत्तांतर झाले, पण राजकुमार चित्रीकरणाकडे परतले होते. पक्ष काढला नाही, निवडणूक लढवली नाही. चाहत्यांना ते ‘अभिमानी देवरु’, म्हणजे चाहते हेच देव, असे म्हणत. त्या देवांकडे त्यांनी मत मात्र कधी मागितले नाही.

१२ एप्रिल २००६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रदान झाले. बंगळुरूत मात्र दोन दिवस जाळपोळ, दगडफेक आणि गोळीबार झाला. जमावाच्या मारहाणीत एका पोलिसाचा बळी गेला. ज्याने पडद्यावर मद्य आणि धूम्रपान कटाक्षाने टाळले, त्याच्या अंत्ययात्रेत त्याचेच चाहते बेभान झाले. केवळ प्रशासनाची ढिलाई एवढे कारण देऊन ही विसंगती संपत नाही.

आज अनेक राज्यांत भाषेच्या नावाने दुकानांच्या पाट्या फोडल्या जातात, रिक्षाचालकांना आणि फेरीवाल्यांना दरडावले जाते. त्यामागे अनेकदा एखाद्या मोठ्या कलावंताचे छायाचित्र असते. राजकुमार यांनी कन्नड माणसाला जो अभिमान दिला, तो नांगर धरणाऱ्या राजीवचा आणि परप्रांतीच्या संताला आपला मानणाऱ्या प्रेक्षकाचा होता. छायाचित्राला हार घालणाऱ्यांनी निदान एकदा त्यांचे चित्रपट पुन्हा पाहावेत.