मोतीची तयारी

मुलांनो, तुमच्या अंगणात कुत्रा आहे का? गावाकडे, शेतावर किंवा वाडीत राहणारी पुष्कळ कुटुंबे राखणीसाठी कुत्रा पाळतात. समजा, तुमच्याकडेही असा एक कुत्रा आहे. त्याचे नाव मोती. रात्री तो दारापुढे पहारा देतो. सकाळी तुम्ही शाळेला निघालात, की फाटकापर्यंत तुमच्याबरोबर येतो.

एके दिवशी घरात आनंदाची बातमी येते. तुमची आपा बाळंतपणासाठी माहेरी येणार असते. तुम्ही मामा किंवा मावशी होणार! दादी माळ्यावरचा पाळणा काढायला सांगते. अम्मी जुन्या मऊ कपड्यांची दुपटी शिवते. सारे घर तयारीला लागते. पण ही बातमी मोतीला कोण सांगणार?

कोणी म्हणते, "घरात बाळ येणार, आता कुत्रा नको. त्याला लांब कोठेतरी सोडून या." कोणी म्हणते, "आपला मोती गरीब आहे. तो काय करणार?" ही दोन्ही मते बरोबर नाहीत. माणसांच्या सवयीचा कुत्रा अनोळखी जागी सोडला, तर त्याचे फार हाल होतात. आणि कुत्रा कितीही गरीब असला, तरी घाबरल्यावर तो चावू शकतो. तान्ह्या बाळाला तर दूरही सरकता येत नाही. म्हणून मोतीला आधीपासून तयार करणे हाच चांगला मार्ग आहे.

कुत्रा जग ओळखतो ते मुख्यतः नाकाने आणि कानांनी. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. बाळ आले, की घरात नवे वास येतात, रात्री-अपरात्री रडणे सुरू होते. पाहुण्यांची ये-जा वाढते. मोतीकडे पाहायला कोणाला वेळ नसतो. हे सगळे एकाच दिवशी घडले, तर तो बिचारा गोंधळून जातो. तेच बदल हळूहळू झाले, तर त्याला त्यांची सवय होते.

आपा सातव्या महिन्यात माहेरी आली, तर तुमच्या हातात सुमारे दोन महिने असतात. प्रथम मोतीला जनावरांच्या दवाखान्यात न्या. त्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि जंतांचे औषध द्या. मग त्याला 'बस' आणि 'थांब' हे दोन शब्द शिकवा. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे पुरेत. त्याने ऐकले, की लगेच भाकरीचा तुकडा द्या व पाठीवरून हात फिरवा. त्याला मारू नका. मारामुळे कुत्रा शहाणा होत नाही, तो भित्रा होतो आणि भित्रा कुत्रा अधिक धोक्याचा असतो.

बाळाची खोली आधीच ठरवा. त्या खोलीच्या उंबरठ्याशी मोतीने थांबायचे, हा नियम आजपासूनच लावा. बाळ आल्यावर त्याच्या खाण्याची किंवा फिरण्याची वेळ बदलणार असेल, तर ती आताच बदला. रिकामा पाळणा हलवून त्याची कुरकुर मोतीला ऐकू द्या.

बाळ जन्मले, की ते घरी येण्यापूर्वी त्याचे वापरलेले एखादे दुपटे दवाखान्यातून आणा. मोतीला ते थोड्या अंतरावरून हुंगू द्या. तो शांत राहिला, तर शाबासकी द्या. बाळ येईल, तेव्हा त्याचा वास मोतीला ओळखीचा झालेला असेल.

बाळ घरी येते, त्या दिवशी मोतीला साखळी लावून ती अब्बांच्या हातात द्या. आधी आपा एकटीच त्याला भेटेल. तो आनंदाने उड्या मारून शांत झाला, की मग बाळाला दुरूनच दाखवा. त्याला जबरदस्तीने जवळ ओढू नका. बाळाचे तोंड किंवा हात त्याला चाटू देऊ नका. बाळ समोर असताना मोतीशी प्रेमाने बोला. दरवेळी 'हाड हाड' केले, तर हे बाळ आले आणि आपले दिवस फिरले, असेच त्याला वाटेल.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम ऐका. बाळ आणि कुत्रा यांना क्षणभरही एकटे सोडू नका. दूध उतू जात असेल, दारात कोणी आले असेल, तरी बाळाला बरोबर घ्या किंवा मोतीला बाहेर काढून दार लावा. बाळ झोळीत असले, तरी हाच नियम. हलणारी झोळी पाहून कुत्रा तिच्यावर झेप घेऊ शकतो.

मोतीला बोलता येत नाही, पण त्याचे शरीर बोलते. तो तोंड फिरवतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, शेपूट पायांत घालतो किंवा एकदम ताठ उभा राहतो, तेव्हा तो घाबरलेला असतो. शेपूट हलवणारा कुत्रा दरवेळी खूशच असतो, असेही नाही. तो गुरगुरला, तर त्याला मारू नका. गुरगुरणे म्हणजे 'दूर राहा' असा इशारा आहे. इशाऱ्याबद्दल मार बसला, तर पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावेल. अशा वेळी बाळाला शांतपणे दूर न्यावे.

पुढे बाळ रांगू लागेल. मोतीची शेपूट ओढेल, त्याच्या ताटलीत हात घालेल. म्हणून मोतीचे खाणे आणि झोपणे बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी असावे.

एवढे करूनही कुत्रा चावला किंवा ओरखडा निघाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. जखमेवर हळद, तिखट किंवा चुना लावू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर मात्र हा रोग टळतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली आणि तो मुलगा वाचला. पूर्वी त्यासाठी पोटात पुष्कळ इंजेक्शने घ्यावी लागत. आता ती दंडात देतात. तेव्हा भिऊन घरी बसू नका.

मुलांनो, मोठी माणसे बाळ-बाळंतिणीच्या कामात गुंतलेली असतील. मोतीला शिकवण्याचे काम तुम्ही आवडीने करू शकाल. रोजची ती दहा मिनिटे चुकवू नका. घराची राखण करणाऱ्या मुक्या प्राण्याला तुम्ही आपल्या आनंदात सामील करून घेतले, तर पाळण्यातले बाळ सुरक्षित राहील आणि मोतीचे घरही सुटणार नाही.